दीर्घ पल्ल्याची डोंगरधाव : हिवाळ्यातील तयारीचे शरीरविज्ञान

दुर्ग स्थानक सोडून आगगाडी नागपूरच्या दिशेने निघाली, की थोड्याच वेळात रसमडा हे लहानसे स्थानक लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्यानंतरच्या काळात या सबंध पट्ट्यात उद्योग वाढत गेले आणि रसमड्याच्या परिसरातही लोखंड-पोलादाचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांच्या पलीकडे मात्र प्रदेश अजून भाताचाच आहे. शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील ही जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर असून इतकी सपाट आहे, की बांधावर उभे राहिले असता दृष्टीला अडवणारे फारसे काही नसते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी भाषक कुटुंबे राहत आली आहेत. अशाच एखाद्या कुटुंबातील तरुणाने किंवा तरुणीने सह्याद्रीतील पन्नास किलोमीटरांची डोंगरवाट धावून पुरी करण्याचे मनात आणले, तर दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या चार महिन्यांत त्या शरीरात कोणते बदल घडवून आणता येतील, आणि कोणता बदल कितीही घाई केली तरी वेळेआधी होणार नाही, हा या पाठाचा विषय आहे.

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब पल्ल्याच्या धावेस आज सरसकट ‘अल्ट्रा’ असे म्हणतात. हा प्रकार आजकालचा नाही. दक्षिण आफ्रिकेतील दरबान आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांमधील सुमारे ९० किलोमीटरांची ‘कॉम्रेड्स’ शर्यत १९२१ साली, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झाली. सडकेवरून न जाता पायवाटांनी, खिंडींतून आणि डोंगरसोंडांवरून धावण्याच्या शर्यती मात्र आपल्याकडे अलीकडे रुजल्या. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांना जोडणाऱ्या वाटेवर अशी शर्यत होते. अशा वाटेवर पन्नास किलोमीटरांना सामान्य धावपटूस नऊ ते बारा तास लागतात, आणि त्यांतील बराच वेळ तो धावत नसून चालत असतो. चढावर चालणे हा या खेळात कमीपणा मानला जात नाही.

महाराष्ट्राच्या सीमाभागाला दीर्घ धावेची एक जुनी परंपराही आहे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि त्यांच्याबरोबर सदाशिव दातार हे १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेळाडू पाहून सर दोराबजी टाटा यांनी भारतीय चमू पाठविण्याचा विचार पुढे नेला होता. त्या वर्षी मार्ग नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरांचा होता. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. शरीर लांब पल्ल्याला कसे तयार होते यासंबंधीचे शास्त्रीय ज्ञान त्या वेळी फारच थोडे होते. स्नायू काम करताना कोणते इंधन किती प्रमाणात जाळतो, यावरील डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग आणि योहान्स लिंडहार्ड यांचा महत्त्वाचा निबंध नेमका त्याच वर्षी, १९२० साली, प्रसिद्ध झाला.

इंधनाचा हिशेब

सपाटीवर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. हा आकडा लक्षात ठेवण्यास सोपा आहे आणि वेग थोडा कमीजास्त केला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस पन्नास किलोमीटरांसाठी म्हणजे सुमारे ३००० किलोकॅलरी लागतील. डोंगराचा खर्च वेगळा. वाटेत एकंदर २००० मीटर चढ आहे असे धरू. ६० किलोग्रॅमचे शरीर तेवढे उचलण्यास लागणारे कार्य पदार्थविज्ञानाच्या नेहमीच्या सूत्राने काढले, तर ते सुमारे २८० किलोकॅलरी भरते. परंतु स्नायू आपल्या इंधनाचा जेमतेम चौथा हिस्सा कार्यात रूपांतरित करू शकतो आणि बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तेव्हा चढाचा खरा खर्च ११०० किलोकॅलरींच्या आसपास येतो. एकूण बेरीज चार हजारांच्या वर जाते.

आता जमेची बाजू पाहू. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाच्या पिष्टमय पदार्थाचा साठा असतो. तो साधारण ५०० ग्रॅम धरला, तर त्यापासून सुमारे २००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे ग्लायकोजेनच्या भरवशावर निघालेला धावपटू निम्म्या वाटेवर रिकामा होईल. उलट चरबीचा साठा किरकोळ अंगकाठीच्या माणसाजवळही हजारो किलोकॅलरींचा असतो आणि एका शर्यतीत तो संपण्याचा संभव नाही. अडचण अशी की चरबी सावकाश जळते. वेग वाढला की शरीर चरबी बाजूला ठेवून ग्लायकोजेनकडे वळते, आणि वेग मंद ठेवला की चरबीचा वाटा वाढतो. दीर्घ पल्ल्याच्या तयारीचा बराचसा भाग म्हणजे शरीराला चरबीवर अधिक वेगाने चालण्याची सवय लावणे होय.

स्नायूतील ग्लायकोजेन प्रत्यक्ष मोजण्याची सोय स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. पोकळ सुईने मांडीच्या स्नायूचा भाताच्या कणीएवढा तुकडा काढून त्याचे पृथक्करण करावयाचे, अशी ती पद्धत. १९६६ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी एरिक हुल्टमन यांनी स्वतःच्याच शरीरावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका जागी बसवलेल्या एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने केवळ एका पायाने पायटा मारला. दुसरा पाय स्वस्थ ठेवला. थकवा येईपर्यंत हे चालल्यावर काम केलेल्या पायातील ग्लायकोजेन जवळजवळ संपले होते, स्वस्थ पायातील तसेच होते. पुढचे तीन दिवस दोघांनी पिष्टमय आहार घेतला. तेव्हा थकलेल्या पायात साठा नुसता भरून आला नाही, तर स्वस्थ पायाच्या सुमारे दुप्पट झाला. एकाच माणसाचे दोन पाय, एकच रक्त, एकच आहार, आणि तरीही फरक पडला तो केवळ कामाचा. व्यायामाचा परिणाम ज्या स्नायूने काम केले त्याच्याच पेशींत घडतो, हे याहून सुटसुटीत रीतीने क्वचितच कोणी दाखविले असेल.

पेशीच्या आत काय बदलते, याचा उलगडा पुढच्याच वर्षी झाला. अमेरिकेतील जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर धाववून त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिका तपासल्या. तंतुकणिका म्हणजे पेशीतील ती सूक्ष्म अंगके, ज्यांत प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जळते. सराव केलेल्या उंदरांच्या स्नायूंची प्राणवायू वापरण्याची शक्ती सुमारे दुप्पट झालेली आढळली. जितक्या तंतुकणिका अधिक, तितकी चरबी अधिक जळते आणि ग्लायकोजेन शिलकीत राहते. मनुष्याच्या स्नायूंतही असाच बदल होतो. त्याला लागणारा वेळ आठवड्यांत मोजण्याजोगा असतो.

सपाट प्रदेशाचा या कामी तोटा नाही, लाभच आहे. भात कापून झालेल्या शिवारातील गाडीवाटा मऊ आणि लांबलचक असतात. तेथे तास-दोन तास एका लयीत, बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्या संथ गतीने धावता येते. बोलताना धाप लागली, की वेग अधिक झाला असे समजावे. ही कसोटी घड्याळापेक्षा भरवशाची आहे. उत्तम दीर्घपल्ला धावपटूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या असता त्यांचेही बहुतेक धावणे अशाच मंद गतीचे असते असे दिसते. नवशिक्याला हे पटत नाही, कारण मंद धावल्यावर दमल्यासारखे वाटत नाही आणि न दमता झालेला सराव त्याला वाया गेल्यासारखा वाटतो.

जे लवकर बदलते आणि जे उशिरा बदलते

सराव सुरू झाल्यावर सर्वांत आधी रक्त बदलते. रक्तातील द्रवभाग, ज्याला रक्तद्रव म्हणतात, तो पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतो. हृदयाकडे परतणारे रक्त वाढल्यामुळे प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त बाहेर ढकलले जाते आणि तेवढ्याच कामासाठी कमी ठोके पुरतात. विद्यार्थ्यांना हे स्वतः पाहता येईल. पहाटे जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटाची नाडी एक मिनिट मोजून वहीत लिहावी. रोज वीस-पंचवीस मिनिटे हलके धावण्याचा क्रम ठेवल्यास काही आठवड्यांत बहुतेकांचा आकडा उतरलेला दिसतो. पुढे एखाद्या सकाळी तो अकस्मात सात-आठ ठोक्यांनी चढलेला आढळला, तर शरीरास विश्रांती हवी आहे किंवा ताप येऊ घातला आहे, असे समजून त्या दिवशीचा सराव सोडावा.

रक्तापाठोपाठ हृदय आणि स्नायू सुधारतात. दिवाळीनंतर आरंभ करणाऱ्या रसमड्याच्या आपल्या धावपटूला नाताळच्या सुमारास एकाएकी हलके वाटू लागते. दम पुरतो, पाय उचलतात, अंतर सहज सरते. या सबंध तयारीतील सर्वांत धोक्याचा काळ हाच होय. कारण हृदय आणि स्नायू तयार झाले असले, तरी ज्यांच्यावर सगळा भार पडतो ती हाडे आणि कंडरा अद्याप तयार झालेल्या नसतात.

१८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या शल्यवैद्याने लांब कवायतीनंतर शिपायांचे पाय सुजून दुखत असल्याची नोंद केली. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर चाळीस वर्षांनी लागला आणि मग कळले की त्या दुखण्यामागे पावलाच्या लांबट हाडांना गेलेल्या बारीक भेगा होत्या. त्यांना भारभंग म्हणता येईल. हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. ज्या ठिकाणी ताण वाढतो तेथे आधी अस्थिभंजक पेशी जुना भाग पोखरून काढतात आणि मग अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड भरतात. पोखरण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत होते. भरण्यास मात्र तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे मध्यंतरीच्या काळात हाड पूर्वीपेक्षा मजबूत नव्हे, तर कमकुवत असते. घर दुरुस्तीस काढले असता जुनी भिंत पाडल्यावर आणि नवी बांधून होण्यापूर्वी छप्पर जसे टेकूवर असते, तशी ही अवस्था. नेमक्या याच वेळी अंगात आलेल्या जोमाने अंतर दुप्पट केले, तर टेकू निसटतो.

कंडरांची कथा आणखी वेगळी. टाच आणि पोटरी यांना जोडणारी जाड कंडरा किती नवी होते, हे शोधण्यासाठी डेन्मार्कमधील संशोधकांनी एका अनपेक्षित साधनाचा उपयोग केला. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अण्वस्त्र-चाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले होते आणि नंतर ते हळूहळू उतरले. त्या काळी वाढीच्या वयात असलेल्या माणसांच्या कंडरेत तो कार्बन किती उरला आहे हे मोजल्यावर, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, असे दिसले की कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास घडून पुरा होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. प्रौढपणी सरावाने कंडरा अधिक ताठ आणि कणखर होऊ शकते, पण दुखावलेला गाभा स्नायूसारखा चटकन नवा होत नाही. टाचेमागची सकाळची ठसठस अंगावर काढणारा धावपटू म्हणूनच महिनेन् महिने घरी बसतो.

आठवड्याचे अंतर दर वेळी एकदशांशाहून अधिक वाढवू नये, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. तो सोयीचा आहे, परंतु त्याला शास्त्रीय आधार बेताचा आहे. २००८ साली नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंची दोन गटांत विभागणी करून एका गटास या नियमाने, तर दुसऱ्यास अधिक भरभर वाढणारा सराव दिला गेला. दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण सारखेच, पाचांत एक, असे निघाले. तेव्हा आकड्यावर विसंबून चालत नाही. एकाच बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी हाड दुखत असेल, आणि धावताना ते कमी न होता वाढत असेल, तर तो सराव तेथेच थांबवून वैद्याकडे जाणे इष्ट. स्त्रियांमध्ये सराव वाढला असता आणि आहार अपुरा पडत असता मासिक पाळी थांबल्यास तीही हाडे ठिसूळ होत असल्याची खूण असू शकते. ती सोय समजून दुर्लक्षिली जाऊ नये.

ज्यास दहा किलोमीटर न थांबता धावण्याची आधीच सवय आहे, त्याने आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटरांपासून प्रारंभ करून माघाच्या सुमारास पन्नास-साठपर्यंत जावे. तीन आठवडे वाढ आणि चौथा आठवडा हलका, असा क्रम हाडांच्या दृष्टीने समजूतदारपणाचा आहे. रविवारची लांब धाव किलोमीटरांत मोजण्याऐवजी तासांत मोजावी, आणि ती दोन तासांपासून पाच तासांपर्यंत न्यावी. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर वारकरी रोज थोडे थोडे चालून तोडतात. पायांवर दीर्घ काळ उभे राहण्याची जी शक्ती त्यात लागते, तीच या शर्यतीच्या उत्तरार्धात कामी येते. शाळकरी विद्यार्थ्यांनी हा पाठ शरीर समजून घेण्यासाठी वाचावा, शर्यतीच्या तयारीसाठी नव्हे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चा कोवळ्या असतात आणि इतका दीर्घ भार त्यांच्यासाठी नाही.

उतार

सपाटीवर राहणाऱ्याला चढाची भीती वाटते. खरी भीती उताराची बाळगावयास हवी. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळलेला राहून शरीराला आवरून धरतो. अशा कामात इंधन फार थोडे लागते. लंडनमध्ये १९५२ साली ॲबट, बिगलंड आणि रिची या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढे मारावयाचे आणि दुसऱ्याने ते मागे फिरताना अडवून धरावयाचे. अडवणाऱ्याला इतके कमी श्रम पडले, की लहानखुऱ्या बिगलंडबाई धिप्पाड पुरुषाला थोडक्यात थकवू शकल्या.

श्रम कमी म्हणून इजा कमी, असे मात्र नाही. ताणल्या जाणाऱ्या स्नायूच्या प्रत्येक तंतूवर जोर अधिक येतो आणि त्यातील सूक्ष्म रचना जागजागी विस्कटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखून जिना उतरणे कठीण होते, ते यामुळेच. या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे कारण स्नायूतील सूक्ष्म फाटणे असावे, असे थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच सुचविले होते. निसर्गाची एक सवलत येथे आहे. एकदा असे दुखून बरे झालेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने फारच कमी दुखावतो, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. म्हणून शर्यतीपूर्वीच्या दोन महिन्यांत काही वेळा तरी खरा उतार पायांखालून गेला पाहिजे.

तो रसमड्यात कोठून आणावा? स्थानकावरील पादचारी पूल सुमारे सहा मीटर उंच धरला, तर २००० मीटरांसाठी त्यावर तीनशेहून अधिक फेऱ्या कराव्या लागतील. इतके करण्याची चिकाटी असणाऱ्याचे कौतुक करावे, पण त्याहून बरा उपाय आगगाडीच्या त्याच मार्गावर, राजनांदगावच्या पुढे आहे. डोंगरगडच्या बमलेश्वरी मंदिराच्या टेकडीला हजारावर पायऱ्या आहेत. पायरी सरासरी १५ सेंटिमीटरांची मानली, तर एका फेरीत दीडशे मीटर चढ आणि तितकाच उतार मिळतो. चार फेऱ्यांचे ६०० मीटर होतात, आणि पायथ्यापासून सिंहगड चढणाऱ्या पुणेकरालाही साधारण तेवढेच चढावे लागते. नवरात्राच्या दिवसांत तेथे भाविकांची रीघ असते. हिवाळ्यातील आडवारी, गर्दी नसताना, इतरांना अडचण न करता हा सराव करावा. पायऱ्यांवर एक गोष्ट शिकता येत नाही, ती म्हणजे घसारा. सह्याद्रीच्या उतारांवर सुटा मुरूम आणि वाळके गवत यांवरून पाय सरकतो. शर्यतीपूर्वी दोन दिवस आधी पोहोचून त्यावर लहान पावले टाकून पाहिल्याखेरीज त्याची कल्पना येत नाही.

हिवाळ्याची हवा

जळालेल्या इंधनातील तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा उष्णता बनते, हे वर आलेच आहे. ताशी आठ किलोमीटर वेगाने धावणारी ६० किलोग्रॅमची व्यक्ती तासाला साडेतीनशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. मे महिन्यात या भागात पारा ४२ अंशांच्या वर चढतो, तेव्हा शरीराला उष्णता टाकण्याचा घामाखेरीज दुसरा मार्गच उरत नाही. मार्गशीर्ष-पौषात पहाटेचे तापमान १० ते १३ अंशांच्या आसपास असते. त्वचेवरून जाणारी हवाच निम्मे काम करते आणि तेवढे रक्त त्वचेऐवजी स्नायूंच्या वाट्याला येते. मध्य भारतात लांब धावेसाठी हिवाळ्यासारखा ऋतू नाही, तो यामुळे.

परंतु हिवाळ्याच्या पहाटेला एक दोष आहे. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड व जड होते. ही थंड हवा वर चढत नाही, तिच्यात मिसळलेला धूर आणि धूळही वर जात नाही. यास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. धुराड्यांच्या, चुलींच्या आणि मालमोटारींच्या सहवासात असलेल्या कोणत्याही वस्तीवर हिवाळ्याच्या सकाळी जो करडा थर दिसतो, तो हाच. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. धावताना हे प्रमाण साठ लिटर किंवा त्याहून अधिक होते, आणि तोंडाने श्वास घेतल्यामुळे नाकाची गाळणीही चुकते. ऊन तापून जमीन गरम झाली, की हवा घुसळली जाऊन हा थर विरतो. तेव्हा औद्योगिक वस्तीजवळ राहणाऱ्याने ‘जितके पहाटे तितके चांगले’ ही समजूत सोडून, ऊन वर आल्यावर आणि मोठ्या रस्त्यापासून दूर शिवाराच्या बाजूस धावावे. हिवाळ्यात नऊ वाजताही उन्हाचा त्रास होत नाही.

थंडीचे दुसरे रूप डोंगरमाथ्यावर भेटते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरांच्या डोंगरधावेस १७२ जण निघाले होते. उंचावरील भागात अचानक सोसाट्याचा वारा, पाऊस आणि गारा आल्या. अंगावर तोकडे, पातळ कपडे असलेल्या धावपटूंपैकी २१ जण थंडीने गारठून मरण पावले. महिना मे होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धावणे चालू असेपर्यंत शरीर स्वतःची उष्णता निर्माण करते. थकव्याने चाल मंदावली, की निर्मिती घटते. त्यात कपडा भिजलेला असेल तर पाणी हवेच्या कित्येक पटींनी उष्णता वाहून नेते. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले, की विचारशक्ती मंदावते आणि आपण संकटात आहोत हेच माणसाला उमगत नाही. सह्याद्रीत फाल्गुनाआधी असा पाऊस क्वचित येतो. तरी घामाने चिंब झालेला सुती सदरा आणि माचीवरचा पहाटवारा एकत्र आले, तर हुडहुडी भरण्यास तेवढे पुरे होते. वारा अडवणारे एक हलके जाकीट, शिट्टी आणि विजेरी यांचे वजन थोडेच असते.

पाणी, मीठ आणि खाणे

‘तहान लागण्यापूर्वी प्या, जितके अधिक तितके चांगले’, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धावपटूंना सांगितले जात असे. या उपदेशाने माणसे दगावली आहेत. दरबानजवळच्या दीर्घ शर्यतींत काही धावपटू बेशुद्ध झाले. त्यांच्या रक्तात पाणी कमी नसून उलट फाजील झाले होते आणि त्यामुळे सोडियम विरळ झाले होते, हे टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखविले. सोडियम विरळ झाले की पाणी पेशींत शिरते. मेंदूची पेशी फुगली तर कवटीत तिला जागा नसते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी ६२ जणांचे सोडियम वाजवीपेक्षा कमी आढळले. संथ धावणारे आणि शर्यतीत वजन वाढलेले यांना धोका अधिक होता. पहिल्यांदाच अल्ट्रा धावणारा बहुधा संथच असतो.

याची सोपी परीक्षा घरच्या घरी होते. दोन तासांच्या धावेआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांनिशी वजन करावे. मध्ये प्यायलेले पाणी त्यात धरावे. वजन किंचित उतरणे स्वाभाविक आहे. ते वाढलेले निघाले, तर पिणे निश्चितच अधिक झाले. पौषात आणि फाल्गुनात असे दोनदा मोजल्यास ऋतूप्रमाणे घाम किती बदलतो तेही कळेल. शर्यतीत तहान हीच मार्गदर्शक मानावी आणि खाण्यात खारट पदार्थ ठेवावेत.

आतडे तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडू शकते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करांची शोषणाची दारे निरनिराळी असल्यामुळे दोन्ही मिळून ही मर्यादा ९० ग्रॅमपर्यंत जाते. आपला गूळ पचनात या दोन्ही शर्करा देतो. म्हणजे चिक्कीचा तुकडा या कामी परदेशी पुड्यांपेक्षा मुळीच उणा नाही. मध्यम केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम पिष्टमय अंश असतो. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, खजूर, गूळपोळी हे सर्व चालते. मात्र धावताना पोटाकडे जाणारे रक्त घटलेले असते, म्हणून खाऊन धावण्याचीही सवय लावावी लागते. जे पदार्थ लांब धावेत पोटाने मानले, तेच शर्यतीत न्यावेत. शर्यतीच्या सकाळी यजमानांनी आग्रहाने वाढलेली नवी वस्तू कितीही रुचकर असली, तरी ती परतल्यावर खावी.

शेवटचे दिवस

शर्यतीपूर्वीच्या दोन-अडीच आठवड्यांत अंतर निम्म्यावर आणावे. या काळात नवी शक्ती येत नाही, परंतु विस्कटलेले स्नायुतंतू जुळतात आणि ग्लायकोजेन काठोकाठ भरते. धावपटूला पाय जड वाटतात, वजन किलोभर वाढते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवते, त्याचा हा परिणाम. या दिवसांत जागेपणी भरून काढण्यासारखे काहीच उरलेले नसते. झोप तेवढी भरून काढता येते.

शर्यत झाल्यावर, शिमगा उलटून रसमड्याच्या शिवारात ऊन तापू लागले आणि धावणे थांबले, की चार महिन्यांत मिळविलेले एकेक परत जाऊ लागते. वाढलेला रक्तद्रव पंधरवड्यात बराचसा ओसरतो. तंतुकणिका काही आठवड्यांत घटतात. सर्वांत सावकाश आलेले हाडाचे बळ सर्वांत सावकाश जाते. ज्याने हिवाळाभर त्याची वाट पाहिली, त्याच्याजवळ ते पुढच्या दिवाळीलाही थोडेबहुत शिल्लक असते.